आडनावातलं गाव

कुलाबा जिल्ह्याचं १८८३चं गॅझेटियर मी पहिल्यांदा उघडलं ते आमच्या घराबद्दल त्यात काही सापडतं का हे बघायला. अर्थातच सापडलं नाही. घर अलिबाग तालुक्यातल्या एका लहान गावात आहे. आजोबांनी ते एका बेने इस्राएल कुटुंबाकडून विकत घेतलं. ते कुटुंब इस्राएलला निघालं होतं. पुढच्या दाराच्या चौकटीला, आत शिरताना उजव्या हाताला, खांद्याच्या उंचीवर एक तिरकी खाच आहे. बोटभर लांब, दोन्ही टोकांना खिळ्यांची भोकं. आजी म्हणायची, "तिथं त्यांचा देव होता." देव नव्हे, मेझुझा होता: धर्मवचनं लिहिलेल्या चर्मपत्राची छोटी डबी. दाराला किती वेळा रंग काढला, खाच बुजली नाही.

या खाचेमुळे मी गेली काही वर्षं माझ्या जिल्ह्याबद्दलची जुनी पुस्तकं वाचतो आहे. ती मला आवडतात, हे आधीच सांगतो. पण त्यांच्या रचनेतच एक गोष्ट अशी आहे, की तिच्यामुळे आपण आपला जिल्हा चुकीचा वाचायला शिकलो. हा लेख त्या रचनेबद्दल आहे.

जेम्स कॅम्पबेल यांच्या देखरेखीखाली तयार झालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरांचा एक ठरलेला साचा आहे. आधी भूगोल, मग पिकं आणि जनावरं, मग लोकसंख्या. पुढे शेती, व्यापार, इतिहास, जमीनमहसूल, न्याय, आरोग्य. आणि सगळ्यात शेवटी ठिकाणं, वर्णक्रमाने. कुलाबा आणि जंजिऱ्याचा अकरावा खंडही असाच. बेने इस्राएल भेटतात ते लोकसंख्येच्या प्रकरणात, इतर जातीजमातींच्या रांगेत. चौल, रेवदंडा भेटतात ते पुस्तकाच्या दुसऱ्या टोकाला. मधे शेकडो पानांचं अंतर आहे.

हे अंतर केवळ पानांचं नाही. लोकांचं वर्णन वर्तमानकाळात येतं: ते असे दिसतात, असं खातात, असं नेसतात, लग्नात अमुक करतात. ठिकाणांचं वर्णन भूतकाळात: इथे अमुक राजा होता, तमुक लढाई झाली, हा बुरूज अमक्याने बांधला. परिणाम असा, की लोकांना सवयी आहेत पण गाव नाही. गावाला इतिहास आहे पण माणसं नाहीत. बेने इस्राएलांना इतिहास मिळतो तो फक्त त्यांच्या उगमाचा. ते कुठून आले, कधी आले, खरोखर कोण आहेत, याची चर्चा आहे. आल्यानंतर इतकी शतकं ते नेमके कुठे राहिले, कुणाच्या शेजारी, कोणत्या विहिरीवर, हा प्रश्न त्या साच्यात बसतच नाही.

गॅझेटियर कारभारासाठी केलेला ग्रंथ आहे, कादंबरी नाही, असं कुणी म्हणेल. बरोबर आहे. कलेक्टरला रेवदंड्याची माहिती हवी तर 'र' काढावा आणि वाचावं, यात गैर काही नाही. गैर आहे ते आपण त्याचं पुढे जे केलं ते. १९६४मध्ये महाराष्ट्र शासनाने कुलाबा जिल्ह्याची सुधारित आवृत्ती काढली. आकडे नवे, राज्य नवं; पण लोक एका प्रकरणात आणि ठिकाणं शेवटी, हा साचा तोच. १९८१मध्ये जिल्ह्याचं नाव रायगड झालं, तरी आजही जिल्ह्यावरचं कुठलंही पुस्तक, पर्यटनाचं कुठलंही पत्रक उघडा: एकीकडे 'प्रेक्षणीय स्थळे', दुसरीकडे 'लोकजीवन'. कलेक्टरची सोय ही आपली नजर झाली.

या नजरेचा परिणाम चौलमध्ये स्पष्ट दिसतो. दहाव्या शतकाच्या सुरुवातीला अल मसूदी हा अरब प्रवासी इथे येऊन गेला. त्याने या बंदराला सैमूर म्हटलं आहे आणि इथे सुमारे दहा हजार मुसलमान राहत असल्याचं लिहिलं आहे. सिराफ, ओमान, बसरा, बगदादहून आलेले आणि इथेच जन्मलेले. त्यांचा वेगळा प्रमुख होता आणि तो स्थानिक राजाच्या संमतीने नेमलेला असे. पुढे पोर्तुगीज आले, त्यांनी रेवदंड्याला तटबंदी घातली, चर्च बांधली आणि १७४०मध्ये हे ठाणं मराठ्यांच्या हाती देऊन ते गेले. आज किल्ल्याच्या आत नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत आणि त्यांच्यावर डोकं काढून उभा असलेला मनोरा. लोक त्याला सातखणी म्हणतात. तो फ्रान्सिस्कन चर्चचा मनोरा. सहलीला आलेले त्याच्याखाली फोटो काढतात. समोर, कुंडलिकेच्या मुखापलीकडे, कोर्लई आहे. तिथले ख्रिस्ती लोक अजूनही पोर्तुगीज आणि मराठीच्या संयोगातून घडलेली भाषा घरात बोलतात आणि तिला 'नौ लिंग', म्हणजे आमची भाषा, म्हणतात. मनोऱ्याची माहिती देणाऱ्या पाटीला ही भाषा लागत नाही. मनोरा हे ठिकाण आहे, भाषा हे लोकजीवन. दोन्ही वेगळ्या प्रकरणांत.

कॅम्पबेलच्या आधी, १८७६मध्ये, जे. जेर्सन द कुन्हा यांचं चौल आणि वसईच्या इतिहास-अवशेषांवरचं इंग्रजी पुस्तक आलं. द कुन्हा गोव्याचे, व्यवसायाने मुंबईत डॉक्टर, नाण्यांचे आणि जुन्या वस्तूंचे अभ्यासक. त्यांच्या लेखनात ओढ आहे, पडक्या भिंतीसमोर थांबण्याची सवय आहे. पण त्यांचं मन दगडात गुंतलेलं आहे. दगडावर अक्षर असेल तर ते नोंदवतात. ज्या लोकांनी दगडावर अक्षर कोरलं नाही, तेल गाळलं आणि शनिवारी घाणा बंद ठेवला, त्यांची खूण अशा नजरेला दिसणार नाही.

ती खूण लोकांच्या बोलण्यात होती. सोमवारी घाणा बंद ठेवणारे ते सोमवार तेली, शनिवारी बंद ठेवणारे शनवार तेली. शेजाऱ्यांनी बेने इस्राएलांना दिलेलं हे नाव धर्माबद्दल काही विचारत नाही. कुठल्या दिवशी तेल मिळणार नाही, एवढंच सांगतं. मला ते कुठल्याही व्याख्येपेक्षा अचूक वाटतं, कारण ते शेजारात तयार झालेलं आहे. असाच दुसरा शब्द 'मशीद'. बेने इस्राएल आपल्या सिनेगॉगला मशीद म्हणत. जुन्या कागदात तो शब्द आला आणि वाचणाऱ्याला हे ठाऊक नसलं, तर एक अख्खी वस्ती दुसऱ्याच समाजाच्या खात्यावर जमा होते.

आता ज्या पुस्तकाकडे मला यायचं होतं ते. हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी बेने इस्राएलांचा इतिहास इंग्रजीत लिहिला. लिहून झाला १८९७मध्ये, छापला गेला १९३७मध्ये, तेल अवीवला. मधल्या चाळीस वर्षांत लेखक वारले. पुस्तकाचा रोख पहिल्या पानांपासून कळतो: आपण खरोखरच इस्राएलाची संतती आहोत हे बाहेरच्या जगाला पटवायचं आहे. प्रत्येक चालीरीत पुरावा म्हणून पुढे केली जाते. नवगावच्या किनाऱ्यावर फुटलेलं जहाज, वाचलेले सात पुरुष आणि सात स्त्रिया, बुडालेल्यांच्या कबरी, ही परंपरागत कथाही इथे साक्षीदार म्हणून उभी राहते. समीक्षक म्हणून मला यात दोष दिसतो. जो माणूस अलिबाग परिसरातला, ज्याला ते आयुष्य आतून ठाऊक, तो परक्या न्यायाधीशासमोर बोलल्यासारखा लिहितो. घरातलं पुष्कळ सांगायचं राहतं.

पण त्या भीतीला आधार नव्हता असं मला म्हणवत नाही. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला इस्राएलमध्ये लग्नाच्या वेळी बेने इस्राएलांच्या मागच्या पिढ्या तपासाव्यात असा आदेश तिथल्या धर्मपीठाने काढला. त्याविरुद्ध बेने इस्राएलांनी आंदोलन केलं, संसदेला दखल घ्यावी लागली आणि १९६४मध्ये तो आदेश मागे पडला. त्याच वर्षी इकडे आपलं सुधारित गॅझेटियर छापलं जात होतं. तिकडे माणसं आपण कोण हे सिद्ध करत होती. इकडे ती वर्तमानकाळातल्या जातींच्या यादीत होती.

तरीही केहिमकरांच्या पुस्तकात एक गोष्ट आहे, जी गॅझेटियरला जमली नाही. ती म्हणजे आडनावं. कोकणात वस्ती केलेल्या या लोकांनी गावांची नावं घेतली आणि त्यांना 'कर' जोडला: नवगावकर, पेणकर, रोहेकर, दिवेकर, राजपूरकर, अष्टमकर, झिराडकर. लेखकाचं स्वतःचं आडनाव किहीम गावाचं. ही नावं एकामागून एक वाचली की नकाशा उभा राहतो, आणि तो गॅझेटियरच्या नकाशापेक्षा वेगळा असतो. त्यात ठिकाण आणि माणूस यांच्यामध्ये शेकडो पानं नाहीत. दोघं एकाच शब्दात आहेत.

हा नकाशा कसा पुसला जातो तेही पाहण्यासारखं आहे. मुंबईतलं सगळ्यात जुनं सिनेगॉग १७९६चं. ते बांधणाऱ्याला इंग्रजी पुस्तकं सॅम्युएल इझेकियल म्हणतात. घरचं नाव सामाजी हसाजी दिवेकर. नावात बायबल राहिलं, दिवे गळालं. १९३७-३८मध्ये मुंबईचे महापौर असलेले डॉ. एलिजा मोझेस यांचं आडनाव राजपूरकर. वरळीच्या रस्त्याच्या पाटीवर डॉ. ई. मोझेस उरले. रोज त्या रस्त्याने जाणाऱ्या हजारो लोकांना ते कुणी परदेशी साहेब वाटत असणार. याउलट पद्मश्री मिळालेल्या डॉ. जेरुशा झिराड यांच्या नावात अलिबागजवळचं झिराड तसंच राहिलं.

आडनावालाही मर्यादा आहेत. ते बापाकडून येतं. लग्न होऊन आलेल्या बाईचं गाव त्यात बुडतं. शेजारी कोण होता ते आडनाव सांगत नाही. घर कुणाला विकलं, काय भावाने, हे तर नाहीच. पण निदान ते एक दावा करतं: मी अमक्या गावचा. वर्णनाला उत्तर द्यावं लागत नाही, दाव्याला द्यावं लागतं.

हे मला नीट समजलं ते पुस्तकातून नाही. काही वर्षांपूर्वी दुपारच्या वेळी एक सत्तरीचे गृहस्थ मुलीला घेऊन आमच्या फाटकाशी उभे राहिले. नवगावची दफनभूमी, अलिबागच्या इस्राएल आळीतलं सिनेगॉग, एलियाहू हनबीच्या रथाच्या खुणा म्हणून बेने इस्राएल ज्या खडकाला मानतात तो खंडाळ्याकडचा खडक, असं सगळं बघून ते आले होते. आईने त्यांना पडवीत बसवलं, शहाळी दिली. ते आमच्यासारखीच मराठी बोलत होते, फक्त त्यातले काही शब्द आता माझी आजीच वापरायची. दारावरची पाटी वाचून त्यांनी मला विचारलं, "म्हणजे तुम्ही मूळचे खाडीपलीकडचे?"

मी म्हटलं, "हो, पण पाच पिढ्यांत तिकडे कुणी गेलं नाही."

"मग इथला मीच," ते म्हणाले आणि हसले. त्यांचं आडनाव आमच्या गावाचं आहे. गाव सोडताना ते शाळकरी मुलगा होते. नंतर मुलीला घेऊन दाराशी गेले, खाचेवर बोट ठेवलं आणि तिच्याशी हिब्रूत काहीतरी बोलले. आम्हाला कळलं नाही, आणि कुणी विचारलंही नाही.

बेने इस्राएलांबद्दल आज मराठीत जे लेख येतात, त्यांचा शेवट बहुधा एका वाक्यावर होतो: या भूमीत ज्यूंचा कधीही छळ झाला नाही. वाक्य खरं आहे आणि अभिमान वाटावा असंच आहे. पण ते वाक्य आपल्याबद्दल आहे, त्यांच्याबद्दल नाही. छळ झाला नाही, तरी घरं रिकामी झाली. ती कुणीतरी घेतली. आजोबा म्हणायचे, "रास्त भाव दिला." तसंच असेल. खरेदीखत कपाटात आहे, त्यावर दोन्ही आडनावं आहेत, आणि मी त्यातला आकडा आजवर कुणाकडून पडताळून घेतलेला नाही. जहाजाची कथा आणि सिनेगॉगचा फोटो छापणाऱ्या लेखांना मी हसतो खरा, पण हा कागद मीही टाळत आलो आहे.

जिल्ह्याचं नवं पुस्तक कुणी लिहिणार असेल, तर माझी सूचना साधी आहे. 'ठिकाणे' हे प्रकरण काढून टाका. प्रत्येक गावाच्या नावाखाली आधी हे लिहा, की या गावाचं आडनाव लावणारी माणसं आज कुठे आहेत, आणि या गावात राहणाऱ्यांची आडनावं कुठली आहेत. नवगावखाली लोद आणि अश्दोद येईल. कोर्लईखाली भाषा येईल. आमच्या गावाखाली आमचं घर येईल, आणि खरेदीखतातला आकडाही. तो मी देईन.