आरोग्यसेवेच्या शिक्षणातील भावना आणि मूल्यमापन : 'एटकॉम' अभ्यासक्रमाची चिकित्सा

प्रस्तावना

वैद्यकीय शिक्षण म्हणजे ज्ञान व कौशल्य यांचे शिक्षण, अशी आपल्याकडील दीर्घकाळची धारणा आहे. रुग्णाविषयीची कणव, वाईट वार्ता सांगताना लागणारा संयम हे गुण विद्यार्थ्याने वरिष्ठांकडे पाहून आपोआप आत्मसात करावेत, असे मानले जाई. भारतीय वैद्यक परिषदेने 2018 मध्ये वृत्ती, नीती आणि संवाद यांविषयीची 'एटकॉम' पुस्तिका प्रसिद्ध करून या गृहीतकाला छेद दिला. 2019 मध्ये प्रवेश घेतलेल्या एमबीबीएसच्या तुकडीपासून हा अभ्यासक्रम देशभर लागू झाला. 2020 मध्ये परिषदेची जागा राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने घेतली, तरी तो टिकून राहिला. या अभ्यासक्रमाने भावनेला दिलेले स्थान आणि तिच्या मूल्यमापनासाठी स्वीकारलेली पद्धत यांत विसंगती आहे. तिचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

अभ्यासक्रमाचे स्वरूप

पुस्तिकेत एकूण 27 घटक आहेत. पहिल्या वर्षाचा आरंभ डॉक्टर असणे म्हणजे काय आणि रुग्ण असणे म्हणजे काय, या प्रश्नांनी होतो. शवविच्छेदनासाठी आलेल्या देहाकडे पहिला गुरू म्हणून पाहण्यास शिकवणारा घटकही त्याच वर्षात आहे. मानव्यविद्यांच्या अध्यापकाला समाधान वाटावे, अशीच ही मांडणी आहे. परंतु 2019 च्या नियमावलीने तिला परीक्षेच्या चौकटीत बसवले. परीक्षेस पात्र ठरण्यासाठी 75 टक्के उपस्थिती, चिकित्साविषयक विषयांच्या प्रत्येक लेखी प्रश्नपत्रिकेत किमान एक प्रश्न आणि प्रात्यक्षिक व तोंडी परीक्षेत कौशल्याची चाचणी, अशी ही व्यवस्था आहे. रुग्णाच्या वेदनेने अस्वस्थ होणे आणि त्या अस्वस्थतेवर टीप लिहिणे, यांतील अंतर या चौकटीत पुसले जाते.

भाव आणि अनुभाव

भरताच्या नाट्यशास्त्रातील परिभाषा येथे उपयोगी पडते. भाव अंतःकरणात असतो. त्याची बाहेर दिसणारी खूण म्हणजे अनुभाव. स्कॉटलंडमधील डंडी येथे रोनाल्ड हार्डन व सहकाऱ्यांनी 1975 मध्ये मांडलेली 'ऑस्की' ही परीक्षापद्धती अनुभाव मोजते. ठरावीक मिनिटांत विद्यार्थ्याने नाव सांगितले का, नजर मिळवली का, रुग्णाला बोलू दिले का, यांवर तपासणीसूचीत खुणा होतात. ही पद्धती निरर्थक नव्हे. परीक्षकाच्या लहरीला तिने आळा घातला, आणि सवयीने आलेले सौजन्यही रुग्णाला उपकारकच असते. मात्र जॉर्ज मिलर यांनी 1990 मध्ये मांडलेल्या चार पायऱ्यांत 'करून दाखवणे' ही तिसरी पायरी आहे आणि 'प्रत्यक्ष करणे' ही चौथी. परीक्षा तिसऱ्या पायरीवर संपते. रुग्णाची गाठ पडते ती चौथ्या पायरीवर.

विलेपार्ल्याच्या कूपर रुग्णालयाशी संलग्न वैद्यकीय महाविद्यालय 2015 मध्ये सुरू झाले. अशा उपनगरी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात मालवणी, गुजराती, भोजपुरी बोलणारे रुग्ण एकाच रांगेत उभे असतात. इंग्रजी उत्तरपत्रिकेत सिद्ध झालेली सहानुभूती या रांगेपुढे कोणत्या भाषेत बोलणार, हा प्रश्न गुणपत्रिकेला पडत नाही.

परीक्षार्थीची भावना

मूल्यमापन हा स्वतःच एक भावनिक अनुभव असतो, याकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही. तोंडी परीक्षेत अपमान सोसणारा विद्यार्थी एक धडा निश्चित शिकतो : अधिकार असलेल्याने अधिकारहीनाशी असेच बोलावयाचे असते. पुढे तो स्वतः अधिकारस्थानी येतो, तेव्हा समोर रुग्ण असतो. फिलाडेल्फियातील जेफर्सन वैद्यकीय महाविद्यालयात होजात व सहकाऱ्यांनी केलेल्या आणि 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात विद्यार्थ्यांच्या सहानुभूतीचे गुण तिसऱ्या वर्षी घसरलेले आढळले. रुग्णांशी नित्य संबंध येऊ लागतो, तेच हे वर्ष. ते गुण विद्यार्थ्यांनी स्वतःविषयी दिलेल्या उत्तरांवर आधारलेले होते, ही मर्यादा ध्यानात घेऊनही हा निष्कर्ष अंतर्मुख करणारा आहे.

दीर्घकाळाची कसोटी

मुंबईच्या इतिहासात सेवाभावाचे एक वेगळे मूल्यमापन घडलेले आहे. नोव्हेंबर 1973 मध्ये केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर पाशवी हल्ला झाला. 18 मे 2015 रोजी त्यांचे निधन होईपर्यंत तेथील परिचारिकांच्या पिढ्यांनी त्यांची शुश्रूषा केली. 7 मार्च 2011 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने याच कर्मचारीवर्गाला त्यांच्या वतीने बोलण्याचा अधिकारी मानले. दयामरणाविषयी मतभेद असू शकतात. परंतु न्यायालयापुढे असलेला पुरावा काही मिनिटांच्या सादरीकरणाचा नव्हता, दशकांच्या आचरणाचा होता. एवढी दीर्घ कसोटी महाविद्यालयाला लावता येणार नाही. तिचे तत्त्व मात्र स्वीकारता येईल.

समारोप

भावनेचे मूल्यमापन करूच नये, असा या विवेचनाचा निष्कर्ष नाही. परीक्षेत नसलेल्या विषयाची आपल्या महाविद्यालयांत कोणती गत होते, हे प्राध्यापकवर्ग जाणतोच. ते एका दिवसाऐवजी संपूर्ण आंतरवासितेच्या काळात विखुरलेले असावे. त्यात वॉर्डातील परिचारिकेचे आणि रुग्णाचे मत नोंदवले जावे. विद्यार्थ्याच्या अनुभवलेखनाला गुणांऐवजी अध्यापकाचा लिखित प्रतिसाद मिळावा. संस्कृत काव्यशास्त्राने रसाचा निर्णय सहृदयावर सोपवला. वैद्यकाच्या परीक्षेत सहृदयाचे ते आसन परीक्षकाने व्यापलेले आहे. तेथे रुग्णालाही स्थान मिळाले पाहिजे.