गेट बंद होण्याआधीची गोष्ट

दरवर्षी मे महिन्याच्या आसपास एक व्हिडिओ आपल्या मोबाइलवर येतोच. नीटच्या एखाद्या केंद्राचं लोखंडी गेट बंद झालेलं असतं. बाहेर एक मुलगी हात जोडून आतल्या माणसाला विनवत असते, मागे तिचे वडील हॉलतिकीट हातात धरून उभे असतात. दीड वाजता गेट बंद, दोनला पेपर, नियम म्हणजे नियम. व्हिडिओ वीस-तीस सेकंदांत संपतो. खाली कॉमेंट ठरलेली : ‘आधी निघायला काय झालं होतं?’ मग आपला अंगठा पुढच्या रीलकडे सरकतो.

या व्हिडिओकडे मी एक कथाप्रकार म्हणून बघतो. त्याचं तंत्र पक्कं आहे. गोष्ट नेहमी गेटपाशी सुरू होते आणि गेटपाशीच संपते. आदल्या रात्रीची बस, बदललेली गाडी, स्टँडवर काढलेली पहाट, ‘सेंटर शहरातच आहे’ असं समजून निघाल्यावर शहराबाहेर कुठेतरी सापडलेलं कॉलेज, यातलं काहीच कॅमेऱ्यात नसतं. जिथे गोष्ट सुरू होते, तिथूनच दोष वाटला जातो. गेटपासून सुरुवात केली तर दोष उशिरा आलेल्या मुलीचाच दिसणार. हीच गोष्ट आदल्या दिवशी दुपारी तिच्या गावच्या फाट्यावर सुरू करा, मग बघा ती कॉमेंट लिहायला हात उचलतो का.

व्हिडिओ करणाऱ्याचा यात फार दोष नाही. माझी तक्रार आपल्या पुस्तकांशी आणि पडद्याशी आहे. तिथे वेळ भरपूर असतो, जागाही असते. तरी परीक्षेला जाण्याचा प्रवास तिथेही क्वचितच गोष्टीचा विषय होतो.

पोचलेल्यांचा प्रवास

‘ट्वेल्थ फेल’ (२०२३) तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिला असेल. मला तो आवडला. चंबळच्या खेड्यातला मनोज घर सोडतो, तेव्हा अंतर म्हणजे काय, हे विधू विनोद चोप्रांच्या कॅमेऱ्याला कळलेलं आहे. ग्वाल्हेरच्या वाटेवर त्याची पैशांची पिशवी चोरीला जाते. तो परक्या शहरात उपाशी फिरतो. इथपर्यंत सिनेमा खरा वाटतो. पण ही चोरी पटकथेत काय काम करते, ते बघा. ती नायकाची परीक्षा घेते. तो लाचार होत नाही, काम करून जेवायला तयार होतो, आणि त्यातून पुढे दिल्लीची वाट निघते. नुकसानाचं रूपांतर चारित्र्यात होतं. शेवटी यश येतं आणि मागच्या सगळ्या तिकिटांचे पैसे जणू परत मिळतात.

पिशवी चोरीला गेल्यावर मनोज गावी परतला असता तर? तर सिनेमाच झाला नसता. अनुराग पाठक यांचं ज्या पुस्तकावर तो बेतला आहे, तेही आलं नसतं. चरित्राची ही मर्यादा मला समजते. ती ओलांडावी, अशी मागणी मी या एका सिनेमाकडे करत नाही. पण सगळ्या गोष्टी याच एका साच्यात येऊ लागतात, तेव्हा अडचण होते. अधिकारी झालेल्यांची आत्मकथनं अभ्यासिकेच्या शेल्फवर रांगेने असतात. त्यांतला प्रवास भोगणाऱ्याने नव्हे, जिंकलेल्याने सांगितलेला असतो. स्टँडवर काढलेली रात्र त्याच्यासाठी आता शोभेची वस्तू झालेली असते. वाचणाऱ्या मुलाला मात्र वाटतं, की स्टँडवर झोपणं हा यशाचाच एक भाग आहे. एस.टी.ची वेळ आणि पेपरची वेळ एकमेकींना ओळखत का नाहीत, हा प्रश्न त्याला पडतच नाही.

कोचिंगच्या गोष्टींचं वेगळं आहे. ‘कोटा फॅक्टरी’तला वैभव इटारसीहून कोट्याला येतो, वरुण ग्रोव्हरच्या ‘ऑल इंडिया रँक’मधला विवेक लखनौहून. दोन्हींमध्ये एकटेपणाचं चित्रण चांगलं आहे. पण या गोष्टींचा जीव पोचल्यानंतरच्या खोलीत, मेसमध्ये, क्लासमध्ये अडकलेला आहे. तिथला मुलगा वर्ष-दोन वर्षं शहरात राहतो, शहर त्याच्या अंगवळणी पडतं. एका पेपरसाठी परक्या शहरात चोवीस तास राहून परतणारी मुलगी या चौकटीत मावत नाही. तिला ना खोली असते, ना मेस. तिच्याकडे असतो फक्त रस्ता.

मराठीत काय आहे

मराठीला प्रवास लिहिता येत नाही, असं कुणी म्हणू नये. पुलंची ‘म्हैस’ घ्या. एस.टी.समोर म्हैस आडवी येते, गाडी थांबते, आणि गाडीतला एकेक माणूस उलगडत जातो. गाडी जागची हलत नसताना अख्खा मुलूख उभा करता येतो, हे पुलंनी दाखवून दिलं. त्यात विनोद आहे, कारण एकाही प्रवाशाचं पुढे काही कायमचं चुकणार नाही, हे आपल्याला ठाऊक असतं. त्याच गाडीत दीडच्या आत पोचायचं असलेली एक मुलगी बसवून बघा. म्हैस तीच, पंचनामा तोच, प्रवासी तेच. पण हसू कुठवर टिकेल?

लक्ष्मण मानेंच्या ‘उपरा’त (१९८०) प्रश्न उलटा आहे. तिथे गाढवांवर बिऱ्हाड लादून गावोगाव फिरणं हेच जगणं, आणि शाळा म्हणजे थांबणं. शिकायचं तर चालणाऱ्या घराला कुठेतरी थांबावं लागतं, आणि थांबलं तर पोट चालत नाही. शिक्षणाची किंमत रस्त्यावर मोजावी लागते, हे इतक्या उघडपणे सांगणारं पुस्तक मला दुसरं चटकन आठवत नाही.

आणि ‘कोसला’ (१९६३). खानदेशातल्या सांगवीहून पुण्याला शिकायला आलेला पांडुरंग सांगवीकर परीक्षेत काही मिळवत नाही आणि गावी परततो. आजच्या वाचकाने ‘कोसला’ याही कारणासाठी वाचावी : इथे हातात काही न घेता परतलेला मुलगा स्वतः बोलतो. त्याला कुणी प्रेरणादायी म्हणत नाही आणि तोही तसं म्हणवून घेत नाही. साठ वर्षांपूर्वी नेमाड्यांनी परतणाऱ्याला निवेदक केलं. आपण मात्र पुन्हा फक्त पोचणाऱ्यांकडून गोष्टी ऐकू लागलो आहोत.

रस्त्यावरचं न मोजलेलं

हे मी इतक्या आग्रहाने का म्हणतो? मी किनवट तालुक्यातला. सीईटीचं केंद्र नांदेडला. सकाळचं सत्र मिळालं, म्हणजे आदल्या दिवशीच निघायचं. इस्लापूर, हिमायतनगर, भोकर करत गाडी संध्याकाळी नांदेडला पोचली. रात्र आत्याच्या दिराच्या घरी काढली. आम्ही एकमेकांना आधी कधी पाहिलेलंही नव्हतं. वडील तिथे पाहुण्यासारखे अवघडून बसले होते आणि मी फॉर्म्युल्यांची वही उघडून नुसतीच पानं उलटत होतो. दुसऱ्या दिवशी रिक्षावाल्याने सांगितलेलं भाडं ऐकून वडिलांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि काही न बोलता ते बसले. पेपरचे तीन तास ते गेटसमोरच्या लिंबाखाली आमची पिशवी सांभाळत होते. त्या पिशवीत भाकरी होती, माझा मोबाइल होता आणि परतीचे पैसे होते. पेपर बरा गेला. या प्रवासात सांगण्यासारखं काही घडलं नाही. तरी यातलं किती काय पेपरात उतरलं असेल, हे मला आजही मोजता येत नाही.

मोजण्यावरून आठवलं. आमची सीईटी बऱ्याच सत्रांत होते. एखाद्या सत्राचा पेपर अवघड, एखाद्याचा सोपा असू शकतो, म्हणून गुणांचं पर्सेंटाइल काढून फरक समान करतात. त्याला नॉर्मलायझेशन म्हणतात. हा शब्द मला फार बोलका वाटतो. प्रश्नपत्रिकेतला फरक अन्यायाचा आहे, हे यंत्रणेला मान्य आहे. त्याच शहरात स्वतःच्या गादीवर झोपून, आईच्या स्कूटीवर दहा मिनिटांत आलेली मुलगी आणि रात्रभर बसच्या खिडकीला डोकं टेकून आलेली मुलगी यांच्यातल्या फरकाला मात्र कोणतंच सूत्र नाही. तो फरक ज्याने त्याने आपल्या नशिबाच्या खात्यावर मांडायचा.

काही गोष्टी रस्त्यावर बदलतात, त्याही साहित्याने टिपायला हव्यात. मार्च २०२३पासून एस.टी.त बायकांना अर्ध्या तिकिटाची सवलत आहे. मुलीसोबत परीक्षेला आता आई येऊ शकते. आईला परकं शहर, परीक्षेचं गेट आणि आपल्या मुलीचा घामेजलेला चेहरा एकाच दिवशी दिसतो. ही एक अख्खी कथा आहे. कुणी लिहिली असेल तर मला वाचायची आहे.

आणि काही गोष्टी कशानेच भरून येत नाहीत. २०१८ साली तमिळनाडूतल्या कितीतरी मुलांना नीटची केंद्रं परराज्यांत मिळाली. मुलाला घेऊन केरळातल्या एर्नाकुलमला गेलेले एक वडील, मुलगा आत पेपर सोडवत असताना हृदयविकाराने वारले. बातम्या आल्या, आणि चार दिवसांत विरल्या. या मुलाच्या परतीच्या प्रवासाला पर्सेंटाइलची भाषा पुरत नाही. यशोगाथेची तर नाहीच नाही. तिथे कादंबरीच लागते.

म्हणून तुमच्यापैकी जे लिहितात, त्यांच्याकडे माझं एक मागणं आहे. निकाल न सांगणारी गोष्ट लिहा. मुलीला प्रवेश मिळाला की नाही, हे शेवटपर्यंत कळू देऊ नका. निकाल कळला की वाचक सगळा प्रवास त्याच मापाने मोजतो : लागला तर जिद्द, नाही लागला तर निष्काळजीपणा. निकाल काढून घेतला की उरतो तो रस्ता, त्यावरची माणसं, तिकिटाचे पैसे आणि वेळापत्रक. या वस्तू कुणाच्या नशिबाच्या नसतात. त्या कुणीतरी ठरवलेल्या असतात, त्यामुळे बदलताही येतात. असं बोट दाखवणारी एक साधी, नीट लिहिलेली एस.टी.ची गोष्ट मला शंभर यशोगाथांपेक्षा मोलाची वाटेल.