भाषा हळू, की वाचायची रीत हळू?

प्रोग्रामिंगच्या भाषांची शर्यत लावणारे तक्ते तुम्ही पाहिले असतील. एक मोठी फाइल घ्यायची, ती सी प्लस प्लस, जावा, पायथन, गो अशा भाषांत वाचायची आणि सेकंद मोजून नंबर लावायचे. माझा आक्षेप या तक्त्यांवर आहे. आकडे खोटे नसतात, पण ते भाषेच्या वेगाचे म्हणून दाखवले जातात आणि बऱ्याचदा मोजलेला असतो तो बफर.

हिशेब बघा. १ एमबीच्या फाइलमध्ये १०,४८,५७६ बाइट असतात. एकेक बाइट कर्नलकडे मागितला, तर जवळजवळ साडेदहा लाख सिस्टिम कॉल होतात. ८,१९२ बाइटांचा बफर ठेवला, तर १२८ कॉल, आणि फाइल संपली हे कळायला आणखी एक. विहिरीवरून पाणी चमच्यानं आणा नाहीतर घागरीनं; पाणी तेवढंच, खेपा वेगळ्या.

आता ही घागर देतं कोण? सी आणि पायथन फाइल उघडताना ती न मागता देतात. जावाचं फाइलइनपुटस्ट्रीम देत नाही. त्यावर बफर्डइनपुटस्ट्रीम आपणच चढवायचं. गो आणि रस्टमध्येही ती मागून घ्यावी लागते. म्हणजे बाइट-बाइट वाचायच्या शर्यतीत जावा पायथनच्याही मागे पडू शकते. यात जावाचा काय दोष?

सी प्लस प्लसचं 'सी-इन' हळू म्हणून बदनाम आहे. पण त्यामागे एक हमी आहे. सी-इन आणि सीचं स्कॅनएफ एकाच इनपुटवर आळीपाळीनं वापरलं, तरी क्रम बिघडत नाही. त्यासाठी सी-इन पुढचा मजकूर स्वतःकडे ओढून ठेवत नाही. जीसीसीच्या लायब्ररीत ते एकेक अक्षर सीकडून घेतं. सीकडे बफर असतो, त्यामुळे इथे खर्च सिस्टिम कॉलचा नाही, दर अक्षरामागच्या फंक्शन कॉलचा आहे. एका ओळीत ही हमी सोडता येते, आणि वेग येतो. बॅशची 'रीड' आज्ञासुद्धा पाइपमधून एकेक बाइट वाचते. जास्त वाचलं, तर पुढच्या प्रोग्रॅमच्या वाट्याचा मजकूर तिच्याच पोटात राहील. याला आळस म्हणायचं का? ही दिलेल्या शब्दाची किंमत आहे.

तुम्ही म्हणाल, मग भाषेला काहीच अर्थ नाही का? आहे ना. कॉल एकदा कमी झाले, की बफर आणखी वाढवून फारसं हाती लागत नाही. तिथून पुढे भाषेचा स्वतःचा वेग दिसायला लागतो. पण तिथवर पोहोचल्याशिवाय निकाल कसा द्यायचा?

म्हणून तक्ता मांडणाऱ्याला तीन प्रश्न विचारा. कॉल किती झाले? लिनक्सवर 'एसट्रेस' ते मोजून देतो. फाइल डिस्कवरून आली, की आधीच्या वाचनामुळे मेमरीतच होती? आणि वाचले ते नुसते बाइट, की अक्षरं? पायथन ३ मजकूर म्हणून उघडलेल्या फाइलचं युनिकोडमध्ये रूपांतरही करते. ते काम दुसऱ्या भाषेनं केलंच नसेल, तर तुलना कसली?

हे तक्ते पाहून चालता प्रोग्रॅम दुसऱ्या भाषेत नव्यानं लिहायचे निर्णय होतात. त्यात महिने जातात. आधी खेपा मोजा. कदाचित एका ओळीत काम भागेल.