‘पाहणी करण्यात आली’ : इमारत व अग्निनिरीक्षणाच्या मराठीचे परीक्षण

भाषा संचालनालयाची स्थापना १९६० साली झाली. महाराष्ट्र राजभाषा अधिनियम १९६४ चा आहे, आणि स्थानिक प्राधिकरणांच्या कारभारात मराठीचा वापर अनिवार्य करणारा अधिनियम २०२२ साली संमत झाला. या दीर्घ कालखंडात शासकीय मराठीवर जी टीका होत आली, तिचा रोख मुख्यतः शब्दांवर राहिला. अमुक शब्द संस्कृतप्रचुर आहे, तमुक शब्द जिभेवर बसत नाही, अशी ही टीका असते. परंतु भाषा म्हणजे केवळ शब्दसंग्रह नव्हे. वाक्यात कर्ता कोठे बसतो, तो बसतो की नाही, आणि तो गळाला तर व्यवहारात काय घडते, हा प्रश्न शब्दांच्या क्लिष्टतेहून अधिक महत्त्वाचा आहे. जेथे या प्रश्नाच्या उत्तरावर माणसांचे प्राण अवलंबून असतात, अशा एका क्षेत्राची भाषा प्रस्तुत विवेचनासाठी निवडली आहे. ते क्षेत्र म्हणजे महानगरपालिकेच्या इमारत-निरीक्षकाचे व अग्निनिरीक्षकाचे काम होय. आणि उदाहरणादाखल नाशिक शहर समोर ठेवले आहे.

नाशिकची निवड सहेतुक आहे. येथे नगरपालिका १८६४ पासून होती. ७ नोव्हेंबर १९८२ रोजी महानगरपालिका अस्तित्वात आली. जुन्या नाशकात सागवानी खांब, तुळया, कडीपाट, मातीविटांच्या जाड भिंती आणि त्या भिंतींच्या पोटातून वर जाणारे अरुंद जिने असलेले वाडे अद्याप उभे आहेत. याच शहराच्या नव्या भागांत अनेक मजल्यांच्या इमारती, रुग्णालये आणि सातपूर-अंबडचे कारखाने आहेत. तेव्हा ज्याने येथे निरीक्षण करावयाचे, त्याला वाळवीने पोखरलेली तुळई आणि उद्वाहनाशेजारचा धूररोधक दरवाजा या दोहोंची पारख हवी.

या कामाचे स्वरूप प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. ज्या अधिनियमान्वये नाशिक महानगरपालिका चालते, तो १९४९ चा; पूर्वी तो मुंबई प्रांतिक महानगरपालिका अधिनियम या नावाने ओळखला जात असे. धोकादायक इमारतींचा बंदोबस्त करणे आणि अग्निशमन दल राखणे ही दोन्ही कामे त्याने महानगरपालिकेची बंधनकारक कर्तव्ये ठरविली आहेत. बांधकामाचे नकाशे तपासणे व भोगवटा प्रमाणपत्र देणे हे नगररचना विभागाकडे. मोडकळीस आलेल्या वाड्यांना दर पावसाळ्यापूर्वी नोटिसा बजावणे हे विभागीय कार्यालयांकडे. आणि आगीसंबंधीची ना हरकत अग्निशमन दलाकडे, अशी या कामाची विभागणी आहे. अमेरिकेतील कित्येक लहान गावांत इमारत-निरीक्षक व अग्निनिरीक्षक हे एकच पद असते. एकच माणूस पाया पाहतो, वायरिंग पाहतो आणि बाहेर पडण्याची वाट मोकळी आहे की नाही तेही पाहतो. आपल्याकडे हे पाहणे अनेकांत वाटले गेले आहे. अशा वाटणीत वावगे काही नाही. मात्र वाटणी जितकी अधिक, तितकी कोणी काय पाहिले हे सांगणारी भाषा नेमकी हवी.

‘निरीक्षक’ हा शब्द ‘ईक्ष्’ म्हणजे पाहणे या धातूपासून आला आहे. परीक्षण, अवेक्षण, अपेक्षा हे शब्दही त्याच धातूचे. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, ‘उपेक्षा’ हाही याच कुळातला शब्द आहे. एक उपसर्ग बदलला की पाहणे हे पाहूनही सोडून देणे होते. देशी मराठीत याच अर्थाचा ‘पाहणी’ हा शब्द आहे आणि त्याला कारभाराचा जुना इतिहास आहे. मराठेशाहीच्या महसुली व्यवहारात पाहणी म्हणजे शेतात प्रत्यक्ष जाऊन उभे पीक व जमीन डोळ्यांखाली घालणे. तेथे पाहणाऱ्याचे पाय शिवाराला लागणे हे शब्दाच्या अर्थातच अंतर्भूत होते. आजच्या कार्यालयीन मराठीत शब्द तोच राहिला. पण ज्या वाक्यात तो बसविला जातो, त्या वाक्याने त्यातला पाहणारा काढून घेतला आहे.

ते वाक्य असे : ‘सदर इमारतीची पाहणी करण्यात आली.’ मराठीच्या साध्या भूतकाळात सकर्मक क्रियापद कर्माप्रमाणे चालते : ‘निरीक्षकाने जिना पाहिला, तुळई पाहिली.’ येथे क्रियापद कर्त्याशी जुळत नाही. तरी कर्ता तृतीयेत ठामपणे उभा असतो. तो उच्चारला नाही, नुसते ‘तुळई पाहिली’ म्हटले, तरी ऐकणाऱ्याला मागच्या वाक्यातून तो सापडतो. त्याची रिकामी जागा वाक्यात जाणवते. ‘करण्यात आली’ या रचनेत मात्र अशी जागाच उरत नाही. कर्ता आणावयाचा झाल्यास ‘कनिष्ठ अभियंत्याकडून’ असे पद बाहेरून जोडावे लागते, आणि कार्यालयीन लेखनात ते सहसा जोडले जात नाही. परिणामी वाक्य व्याकरणदृष्ट्या पूर्ण, पण माहितीच्या दृष्टीने अपूर्ण राहते. कोणी पाहिले, कोणत्या दिवशी, कोणत्या मजल्यापर्यंत जाऊन, यांपैकी काहीही न सांगता पाहणी झाल्याची नोंद तेवढी होते.

या ठिकाणी एका प्राचीन ग्रंथाशी तुलना उद्बोधक ठरेल. कौटिलीय अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात ‘नागरक’ या नगराधिकाऱ्याची कर्तव्ये सांगितली आहेत. त्यांत आगीसंबंधीचे नियम कमालीचे मूर्त आहेत. गृहस्थाने पाण्याचे घट, द्रोणी, शिडी, कुऱ्हाड, सूप, आकडा व पखाल अशी साधने घरी ठेवावीत. ती नसल्यास पाव पण दंड. जळत्या घराकडे धाव न घेणाऱ्या घरमालकास १२ पण, भाडेकऱ्यास ६ पण. निष्काळजीपणाने आग लावणाऱ्यास ५४ पण. विस्तवावर उपजीविका करणाऱ्यांनी एका ठिकाणी वस्ती करावी, असाही नियम तेथे आहे. नाशिकच्या तांबट आळीशी परिचित असलेल्या वाचकास तो सहज समजेल. या नियमांची कठोरता अनुकरणीय आहे असे नव्हे. मुद्दा असा की, प्रत्येक नियमात माणूस, वस्तू आणि परिणाम ही तिन्ही नावानिशी येतात; मालक व भाडेकरू यांतला भेददेखील दंडाच्या आकड्यात उमटतो.

आधुनिक कायदा या बाबतीत वाटतो तितका मागे नाही. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ याने जबाबदारी निःसंदिग्धपणे मालक व भोगवटादार यांच्यावर टाकली आहे. अग्निप्रतिबंधक साधने त्यांनी बसवावीत, सुस्थितीत ठेवावीत, आणि परवानाधारक अभिकरणाकडून तपासून घेऊन तसे प्रमाणपत्र दर जानेवारीत व जुलैत सादर करावे, अशी योजना आहे. मुख्य अग्निशमन अधिकारी किंवा नामनिर्देशित अधिकारी यांना जागेत शिरून पाहणी करण्याचा व उणिवा दूर करण्याची नोटीस देण्याचा अधिकार आहे. १९४९ च्या अधिनियमातील कलम २६५-अ नुसार ३० वर्षे पूर्ण झालेल्या इमारतीची तपासणी मालक किंवा भोगवटादार यांनी नोंदणीकृत संरचना अभियंत्याकडून करून घ्यावयाची आहे. कायद्यात कर्ता आहे. तो गळतो कायद्याकडून कार्यालयाच्या टिपणीकडे येताना.

या गळतीला ‘प्रमाणपत्र’ हा शब्द हातभार लावतो. वास्तुविशारदाने दिलेले पूर्णत्वाचे प्रमाणपत्र, महानगरपालिकेने दिलेले भोगवट्याचे प्रमाणपत्र, अभिकरणाचे सहामाही प्रमाणपत्र, संरचना अभियंत्याचे स्थैर्याचे प्रमाणपत्र : चौघांचे अधिकार भिन्न, चौघांनी पाहिलेल्या वस्तू भिन्न, पण शब्द एकच. नाशिकमधील एखाद्या रुग्णालयाच्या भिंतीवर चौकटीत लावलेले ‘प्रमाणपत्र’ पाहून रुग्णाच्या नातेवाइकाला वाटते की, सरकारने हे पाहिले आहे. वस्तुतः मालकाने नेमलेल्या व मालकाने मोबदला दिलेल्या अभिकरणाने ते पाहिलेले असू शकते. ही व्यवस्था बेकायदेशीर नाही; पण तिचे स्वरूप शब्दात दिसत नाही.

याहून अधिक अनर्थ ‘लेखापरीक्षण’ या शब्दाने केला आहे. ‘फायर ऑडिट’ हा लोकांत रुळलेला शब्द. त्याचे कार्यालयीन मराठीत ‘अग्निसुरक्षा लेखापरीक्षण’ झाले. ‘ऑडिट’ हा शब्द मूळ लॅटिन धातूप्रमाणे ऐकण्याशी संबंधित. हिशेब वाचून दाखविले जात व अधिकारी ते ऐकत, त्यावरून तो हिशेबतपासणीस लागू झाला आणि पुढे कोणत्याही पद्धतशीर तपासणीस. मराठीने मात्र त्यातला हिशेबाचा अर्थ पकडला. लेखा म्हणजे हिशेब. आगीला खतावणी नसते. जिन्यावर ठेवलेली खोकी, कुलूपबंद आपत्कालीन दार, दाब नसलेला पाण्याचा नळ यांचा कोणताही लेखा नसतो. ती पाहावीच लागतात. शब्दाने दप्तर सुचविले की तपासणीही दप्तरात होऊ लागते. ९ जानेवारी २०२१ रोजी भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशु कक्षात आग लागून १० बालके दगावली. त्यानंतर राज्यातील रुग्णालयांच्या अशा ‘लेखापरीक्षणां’चे आदेश निघाले. त्याच वर्षी ६ नोव्हेंबर रोजी अहमदनगरच्या (आताच्या अहिल्यानगरच्या) जिल्हा रुग्णालयातील अतिदक्षता विभागात आग लागली आणि ११ रुग्ण मृत्युमुखी पडले. एका शब्दामुळे हे घडले असे कोणी म्हणणार नाही. परंतु तपासणी झाली या वाक्याने समाधान मानण्याची सवय भाषेनेच लावलेली असते, हे नाकारता येणार नाही.

जुन्या वाड्यांच्या बाबतीत अडचण निराळी आहे. ‘निष्कासन’ या शब्दाचा मूळ अर्थ बाहेर घालविणे. महापालिकांच्या मराठीत अनधिकृत बांधकाम ‘निष्कासित’ करतात, म्हणजे पाडतात. आणि धोकादायक इमारत ‘निष्कासित करावी’ अशी नोटीस निघते, तेव्हा वाड्यातल्या भाडेकरूला आपण बाहेर पडावयाचे की वाडा पाडावयाचा, हे उमगत नाही. मालक-भाडेकरू वाद चालू असलेल्या वाड्यात या संदिग्धतेचा अर्थ प्रत्येक पक्ष आपल्या सोयीने लावतो, आणि पावसाळा कोणासाठी थांबत नाही. याउलट शासनाने धोकादायक इमारतींचे जे वर्ग केले आहेत, त्यांमागील कल्पना उत्तम आहे : सी-१ म्हणजे राहण्यास अयोग्य, रिकामी करून पाडावयाची, सी-२ए म्हणजे रिकामी करून दुरुस्त करावयाची, सी-२बी म्हणजे रिकामी न करता दुरुस्त करावयाची, सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्तीची. येथे प्रत्येक वर्ग एक कृती सांगतो. दोष इतकाच की, ती कृती अक्षर-आकड्यात दडली आहे. ‘घर सोडा, वाडा पाडला जाईल’ आणि ‘घर सोडा, दुरुस्तीनंतर परत या’ ही दोन सरळ मराठी वाक्ये नोटिशीच्या माथ्यावर छापली, तर भाडेकरूच्या भीतीचे अर्धे कारण नाहीसे होईल. कारण त्याची खरी भीती परत येता न येण्याची असते.

अकर्तृक रचनेच्या समर्थनार्थ एक युक्तिवाद करता येईल. अधिकारी व्यक्ती म्हणून बोलत नाही, संस्था म्हणून बोलतो. व्यक्तीचे नाव टाळल्याने निःपक्षपातीपणा राखला जातो आणि एखादा कनिष्ठ कर्मचारी एकटा लोकक्षोभाचा धनी होत नाही. हा युक्तिवाद आदेशाच्या बाबतीत मान्य करण्याजोगा आहे. आदेश संस्थेचाच असतो. निरीक्षण मात्र संस्था करू शकत नाही. पाहावयास डोळे लागतात, आणि ते कोणा एकाचेच असतात. शिवाय कर्ता नाहीसा केल्याने कनिष्ठाचे रक्षण होते, हेही खरे नव्हे. दुर्घटनेनंतर चौकशी होते, तेव्हा ज्याने उणीव खरोखर पाहून कळविली होती, त्याच्याजवळही ‘पाहणी करण्यात आली’ एवढाच पुरावा उरतो. न पाहणारा आणि पाहणारा दोघे त्या वाक्यात सारखेच अदृश्य होतात.

यावरून निरीक्षकाच्या पात्रतेविषयी एक निष्कर्ष निघतो. आज या पात्रतेचा विचार दोन अंगांनी होतो. इमारतीसाठी स्थापत्य अभियांत्रिकीची पदविका वा पदवी; आगीसाठी अग्निशमन सेवेचे प्रशिक्षण. १९५६ साली स्थापन झालेले नागपूरचे राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय या शिक्षणाचे प्रमुख केंद्र आहे, आणि राज्याच्या एका पाठ्यक्रमाचे नावच ‘उपस्थानक अधिकारी व अग्निप्रतिबंधक अधिकारी’ असे आहे. आग विझविणारा व ती लागू न देणारा एकच असावा, ही त्या नावातली जाण स्तुत्य आहे. या दोन अंगांना तिसऱ्याची जोड हवी : पाहिलेले जसेच्या तसे लिहिण्याची. ‘अमुक तारखेस सकाळी वाड्याच्या माडीवर चढलो; चौकाच्या उत्तरेकडील तुळई भिंतीतून सुटली आहे; मालक व दोन्ही भाडेकरू यांना तेथेच सांगितले’ असा मजकूर लिहिण्यास पारिभाषिक कोशाची गरज नाही. त्यास खाली सही करण्याची तयारी लागते. परीक्षेत अभियांत्रिकीच्या प्रश्नांबरोबर असा एक अहवाल प्रत्यक्ष इमारत पाहून लिहावयास लावला, आणि अहवालाच्या छापील नमुन्यात ‘कोणी पाहिले’, ‘काय पाहिले’, ‘काय पाहता आले नाही’ असे तीन रकाने ठेवले, तर सुधारणेस फारसा खर्च येणार नाही. तिसरा रकाना विशेष महत्त्वाचा आहे. बंद खोली, कुलूप लावलेली गच्ची, हरवलेली किल्ली यांची नोंद सध्याच्या वाक्यात बसतच नाही. आणि धोका बहुधा तेथेच असतो.

परिभाषेचा शब्द कठीण असला तरी तो वापराने अंगवळणी पडतो. भोगवटा, हरकत, दाखला हे सारे शब्द असेच पडले. वाक्यातून गळलेला माणूस मात्र वापराने परत येत नाही. त्याला जाणीवपूर्वक परत आणावे लागते. आणि ‘निरीक्षकाने जिना पाहिला’ असे लिहिण्याची सोय मराठीने प्रथमपासून करून ठेवली आहे.