शेकडा तीन म्हणजे वर्षाला किती? अर्थशास्त्राचे शिक्षक आणि त्यांचं प्रशिक्षण

आजचा विषय आहे हायस्कूलमध्ये अर्थशास्त्र शिकवणाऱ्या शिक्षकांचं प्रशिक्षण. विषय कोरडा वाटेल. पण छत्रपती संभाजीनगर आणि आसपासच्या तालुक्यांतल्या कुठल्याही वर्गात डोकावून बघा. कुणाच्या घरी कापूस, सोयाबीन नाहीतर अद्रक पिकतं, कुणाचे वडील वाळूजला कंत्राटी कामाला जातात, कुणाची आई बचतगटाचा हप्ता भरते. पाठ्यपुस्तक उघडायच्या आधीच अर्थशास्त्र या मुलांच्या घरात येऊन बसलेलं असतं. ते समजावून सांगायची जबाबदारी ज्याच्यावर आहे, त्याला आपण काय शिकवतो? आमचं म्हणणं सरळ आहे: त्याला शिकवायचं कसं, याचं प्रशिक्षण मिळतं. अर्थशास्त्राचं मिळत नाही.

आधी हा विषय शाळेत आहे कुठे, ते बघू. पूर्वी पुस्तकाच्या नावातच ‘भूगोल व अर्थशास्त्र’ असं होतं. २०१७ साली नववीचं आणि २०१८ साली दहावीचं नवं पुस्तक आलं, आणि नाव उरलं नुसतं ‘भूगोल’. नववीच्या बारा पाठांत आठवा ‘अर्थशास्त्राशी परिचय’, त्यानंतर ‘व्यापार’. दहावीचं पुस्तक भारत आणि ब्राझील यांची तुलना करत पुढे जातं, त्यात ‘अर्थव्यवस्था व व्यवसाय’ असा एक पाठ. भूगोलाचा पेपर ४० गुणांचा. त्यात या पाठांच्या वाट्याला किती येणार, तुम्हीच सांगा. अकरावीला स्वतंत्र अर्थशास्त्र आहे, पण विज्ञानाला किंवा आयटीआयला गेलेल्या, दहावीनंतर शाळा सुटलेल्या मुलाला त्याचा काय उपयोग? त्याचं अर्थशास्त्र या दोन-तीन पाठांवर संपतं. आणि ते शिकवतो कोण? भूगोलाचा शिक्षक. त्याने पदवीला अर्थशास्त्र घेतलेलं असेलच, असं नाही.

आता प्रशिक्षणाकडे येऊ. बी.एड. २०१५ पासून दोन वर्षांचं झालं. नोकरीत १२ वर्षं झाली की वरिष्ठ वेतनश्रेणीचं प्रशिक्षण, २४ वर्षांनी निवडश्रेणीचं. २०१९ पासून केंद्राचं ‘निष्ठा’ आलं. म्हणजे प्रशिक्षणाचा दुष्काळ नाही. पण आत काय असतं? पाठ टाचण, अध्ययन निष्पत्ती, मूल्यमापन, डिजिटल साधनं, समावेशक शिक्षण. हे निरुपयोगी आहे असं आम्ही म्हणत नाही. वर्ग सांभाळणं हे कौशल्यच आहे. पण ही भांडी झाली, त्यात शिजवायचं काय? विषयाची पकड नसली की चांगला शिक्षकसुद्धा व्याख्येचा आधार घेतो. ‘ओइकोनोमिया’ या ग्रीक शब्दापासून सुरुवात, भांडवलशाही-समाजवादी-मिश्र असा तक्ता फळ्यावर, मुलांनी उतरवून घ्यायचा, आणि तास संपला.

याची किंमत काय, ते एका साध्या प्रश्नावरून बघा. गावात सावकार सांगतो, “शेकडा तीनने देतो.” बँकेच्या पाटीवर लिहिलेलं असतं १२ टक्के. स्वस्त कोण? दहावीच्या वर्गात विचारून बघा, बरेच हात सावकाराच्या बाजूने वर होतील, कारण १२ पेक्षा ३ लहान. सावकाराचे तीन हे महिन्याचे आणि बँकेचे बारा वर्षाचे, हे कुणी सांगितलेलंच नाही. ५० हजारांवर सावकाराचं व्याज वर्षाला १८ हजार, बँकेचं ६ हजार. फरक १२ हजारांचा. गणित सातवी-आठवीतलं आहे, ते मुलांना येतं. पण दोन दर एका मापात आणल्याशिवाय त्यांची तुलना करायची नाही, ही सवय अर्थशास्त्राने लावायची असते. कर्ज म्हणजे काय, याची व्याख्या पाठ करून ती लागत नाही.

दुसरं उदाहरण हमीभावाचं. २०२४-२५ च्या खरिपात सोयाबीनचा हमीभाव होता क्विंटलला ४,८९२ रुपये, आणि बाजारात भाव कित्येक आठवडे त्याच्या खाली. वर्गात एखादी मुलगी विचारणार, “सर, हमी आहे तर बाबांनी कमी भावात का विकलं?” हा अर्थशास्त्राचा अस्सल प्रश्न आहे. समजा, बाजारात ४,१०० मिळतायत आणि घरात १० क्विंटल माल आहे. फरक ७,९२० रुपयांचा. त्याच घरावर ५० हजारांचं कर्ज आहे, शेकडा तीनने. दोन महिने थांबलं तर व्याज ३ हजार. म्हणजे कागदावर थांबणं फायद्याचं. तरी माणूस विकतो. का? रब्बीच्या बियाण्याला रोख लागते. सरकारी केंद्रावर आधी नोंदणी, मग ओलाव्याची तपासणी, मग पैशाची वाट. शिवाय हमीभाव म्हणजे सरकार ज्या भावाने घ्यायला तयार आहे तो भाव. केंद्र जवळ नसेल तर तो कागदावरच राहतो. संधी खर्च, रोखता, जोखीम, हे सगळे शब्द या एका घरात सापडतात. पण शिक्षकाला हे माहीत नसेल तर तो म्हणणार, “हे आपल्या अभ्यासक्रमात नाही, खाली बसा.” आणि मुलगी शिकते काय? की पुस्तकातलं अर्थशास्त्र वेगळं आणि बाबांचं वेगळं.

एनसीईआरटीने एक चांगली वाट दाखवली होती. त्यांच्या नववीच्या पुस्तकाची सुरुवात ‘पालमपूर’ नावाच्या एका काल्पनिक गावाच्या गोष्टीने झाली होती. जमीन, मजुरी, भांडवल, सगळं त्या गावातून उलगडत जातं. पण एकच पालमपूर देशभर चालवायचं म्हटलं की त्याचीही व्याख्या होते. परीक्षेत गावाचं नाव आणि पिकं विचारली जातात. फुलंब्री किंवा पैठणचा शिक्षक त्या जागी आपलं गाव ठेवू शकतो. अट एकच, गावाला काय विचारायचं हे त्याला कळलं पाहिजे.

आता कुणी म्हणेल, भूगोलाच्या शिक्षकाने अर्थशास्त्रज्ञ व्हायचं का? मुळीच नाही. पाच दिवस पुरेत. पहिला दिवस व्याज आणि कर्जाचा: सावकार, बचतगट, बँक, सोनेतारण, सगळे दर एका मापात. दुसरा दिवस जाधववाडीच्या बाजार समितीत: लिलाव कसा होतो, अडत कोण देतं, हमाली-तोलाई कुणाच्या खिशातून जाते, पट्टीवर काय लिहिलेलं असतं. तिसरा वाळूजचा: पगारपत्रक वाचायचं, कपाती समजून घ्यायच्या, कायम कामगार आणि कंत्राटी कामगार यांत फरक काय ते बघायचं. चौथा सरकारी पैशाचा: काडेपेटीवरच्या करापासून अर्थसंकल्पापर्यंत.

पाचवा दिवस डॉ. आंबेडकरांचा. त्यांनी १९५० साली याच शहरात मिलिंद महाविद्यालय सुरू केलं, इथल्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे, आणि तरी मुलांना ते घटनाकार म्हणूनच माहीत असतात. १९१८ साली त्यांनी शेतीच्या लहान तुकड्यांवर निबंध लिहिला. म्हणाले, नुसती तुकडेजोड करून भागणार नाही. जमिनीवर माणसांचा भार फार आहे, तो उद्योगांकडे वळला पाहिजे. दोन एकर शेती गावाकडे आणि थोरला मुलगा वाळूजला, असं घर ज्या वर्गात आहे तिथे हा निबंध जुना नाही.

आणि मूल्यमापन? हजेरीपट आणि प्रमाणपत्र यांवर नको. प्रत्येक शिक्षकाने आपल्या वर्गातल्या एका घराचा, नाव न सांगता, वर्षाचा जमाखर्च मांडून आणावा आणि त्यावर एक तास घेऊन दाखवावा. जिल्ह्यात शिक्षण व प्रशिक्षण संस्था आहे, विद्यापीठात अर्थशास्त्र विभाग आहे. नवी इमारत लागत नाही, नवा निधीही फारसा लागत नाही. या दोघांनी एका टेबलाशी बसायला हवं.

पुढच्या जूनमध्ये नववीत येणारी मुलं सहा-सात वर्षांत कुठल्या ना कुठल्या कर्जाच्या कागदावर सही करणार आहेत: ट्रॅक्टरच्या, मोटारसायकलच्या, शिक्षणाच्या. सही करण्याआधी ‘हे महिन्याचे की वर्षाचे?’ एवढं त्यांनी विचारावं, यासाठी हा सगळा खटाटोप. तुमच्या शाळेत हा पाठ कोण घेतं आणि कसा घेतं, हे आता तुमच्याकडून ऐकायला आवडेल. प्रश्नांकडे वळू या.