सोडवणूक आणि सुटका : ब्रायन मूर यांची 'द कलर ऑफ ब्लड'

'सुटणे', 'सोडणे' आणि 'सोडविणे' ही मराठीतील एकाच कुळाची तीन क्रियापदे होत. पहिल्यास कर्म लागत नाही. उरलेल्या दोहोंस लागते. बंदिवानाच्या मुक्ततेवर रचलेली थरारकथा बहुधा तिसऱ्या क्रियापदावर उभी असते. कोणी धाडसी पुरुष पहारा भेदतो, आणि बंदिवान हा त्याच्या पराक्रमाचे केवळ कर्म ठरतो. तो कोण होता, काय मानीत होता, याची विचारपूस वाचक सहसा करीत नाही. ब्रायन मूर (१९२१–१९९९) यांच्या 'द कलर ऑफ ब्लड' (१९८७) या कादंबरीत हे व्याकरणच उलटलेले दिसते.

नाव न सांगितलेल्या, परंतु पोलंडची आठवण पदोपदी करून देणाऱ्या एका साम्यवादी देशात कार्डिनल स्टीफन बेम यांच्यावर प्राणघातक हल्ला होतो. त्यातून ते वाचतात तोच काही माणसे त्यांना 'संरक्षणासाठी' म्हणून ताब्यात घेतात. हे सरकारी सुरक्षादलाचे लोक, अशी त्यांची आणि वाचकाचीही समजूत होते. बेम यांना सोडवावयास कोणी येत नाही. ते स्वतःच निसटतात. मग हळूहळू उमगते की, कोंडणारे शासनाचे नव्हतेच. ते स्वधर्मीयच होते. कार्डिनल शासनाशी फार जुळवून घेतात, तेव्हा हुतात्म्यांच्या स्मृतिसोहळ्यापुरते त्यांना दूर ठेवावे आणि लोकांस उठावास प्रवृत्त करावे, असा चर्चमधीलच काहींचा डाव असतो.

'संरक्षणासाठी ताबा' हा शब्दप्रयोग येथे विशेष ध्यानात घ्यावयास हवा. नाझी राजवटीत विनाचौकशी तुरुंगवासास 'शुट्झहाफ्ट', म्हणजे शब्दशः 'संरक्षक कोठडी', असेच म्हणत. कोंडणारा आणि सोडविणारा एकच शब्दसंग्रह वापरतात, हे मूर यांनी अचूक हेरले आहे. बेम यांना डांबणारेही चर्चला सोडवीतच असतात. फक्त ते तिला तिच्याच प्रमुखाच्या हातून सोडवीत असतात.

इतिहासातील उदाहरणे या संदर्भात बोलकी आहेत. पोलंडचे कार्डिनल स्टेफान विशिन्स्की १९५३ ते १९५६ या काळात स्थानबद्ध होते. बेम यांचे पहिले नाव त्यांच्याच नावाचे इंग्रजी रूप आहे. हंगेरीचे कार्डिनल मिंडसेंटी यांना १९४९ साली जन्मठेप झाली. १९५६ च्या उठावात त्यांची मुक्तता झाली खरी, पण थोड्याच दिवसांत रशियन रणगाडे आले, आणि पुढील १५ वर्षे त्यांनी बुडापेस्टच्या अमेरिकन वकिलातीत काढली. सोडवणूक झाली, सुटका झाली नाही.

मूर यांनी १९५० च्या दशकात टोपणनावांनी स्वस्त थरारकथा लिहिल्या होत्या, आणि हिचकॉक यांच्या 'टॉर्न कर्टन' (१९६६) या चित्रपटाची पटकथाही त्यांचीच. पाठलागाचे तंत्र त्यांच्या हाती मुरलेले आहे. या कादंबरीत ते तंत्र एका अवघड प्रश्नाच्या सेवेस लावले आहे. रक्तपात टाळणारा धर्मगुरू आणि शासनाच्या पथ्यावर पडणारा धर्मगुरू, यांत भेद कसा करावयाचा? बेम यांची शांतताप्रियता प्रामाणिक आहे. ती जनरल उर्बन यांच्या सरकारला सोयीचीही आहे. लेखक यातील एकही बाजू झाकीत नाही. बुकर पारितोषिकाच्या अंतिम यादीपर्यंत ही कृती पोहोचली, यात आश्चर्य नाही.

तथापि एक उणीव जाणवते. देश अनाम ठेवण्याच्या नादात मूर यांनी त्याची भाषाही गमावली आहे. नावे तेवढी स्लाव्ह वळणाची, क्वचित इतिहासाची आठवण देणारी आहेत. १८४८–४९ च्या हंगेरियन युद्धात लढलेल्या पोलिश सेनानीचे आडनाव बेमच होते. परंतु साधे कपडे घालून सामान्यांत वावरणारा कार्डिनल, कामगार, मंत्री हे सारे जवळजवळ एकाच स्वच्छ इंग्रजीत बोलतात. ज्या समाजात पेहरावाआधी उच्चारावरून माणूस ओळखला जातो, तेथे हे खटकते.

शेवटच्या प्रसंगात मात्र कादंबरी पुन्हा आपल्या क्रियापदाशी इमान राखते. सुटलेले बेम दूर निघून जात नाहीत. जेथे जाऊ नये म्हणून त्यांना कोंडले होते त्याच सोहळ्यात ते पोहोचतात, जमावास शांत करतात, आणि प्रसाद देत असता त्यांच्यासमोर पिस्तूल येते. कार्डिनलांच्या वस्त्रांचा तांबडा रंग श्रद्धेसाठी रक्त सांडण्याच्या सिद्धतेची खूण मानला जातो.