वरून दिसणारे गाव आणि वाजिब-उल-अर्ज

आपले गाव पूर्वी कसे होते, हे सांगायला आजवर आपल्याकडे दोनच साधने होती. एक वडीलधाऱ्यांची आठवण, दुसरे सरकारी दप्तर. आता तिसरे साधन हाती आले आहे, ते म्हणजे आकाशातून घेतलेली जुनी छायाचित्रे. अमेरिकेच्या 'कोरोना' या हेर उपग्रहांनी १९६० ते १९७२ या काळात टिपलेली आठ लाखांहून अधिक छायाचित्रे १९९५ साली खुली झाली. 'लँडसॅट' उपग्रहांचा १९७२ पासूनचा संग्रह २००८ पासून मोफत मिळू लागला. ही नेमतच म्हणायची. परंतु छायाचित्र हीसुद्धा एक संहिता आहे आणि संहिता म्हटली की तिची समीक्षा आली. त्यासाठी गोंदिया जिल्ह्यातील, तिरोडा तालुक्यातले बोदलकसा घेऊ.

वरून पाहिले तर बोदलकसा म्हणजे डोंगर, दाट झाडी आणि मधोमध पसरलेला तलाव. हे पाणी जणू सृष्टीच्या आरंभापासून इथेच असावे, असे वाटते. प्रत्यक्षात हा तलाव १९१७ साली मातीचे धरण घालून झाला आहे. त्या काळी युरोपात महायुद्ध चालू होते आणि विमानातून शत्रूच्या खंदकांची छायाचित्रे घेतली जात होती. आपल्या झाडीपट्टीत मात्र मजुरांच्या डोक्यावरून माती वाहिली जात होती. उपग्रहाचा कॅमेरा येईपर्यंत तलाव चाळीस वर्षांहून जुना झाला होता. म्हणजे या गावाचे सर्वांत मोठे स्थित्यंतर उपग्रहाच्या एकाही चित्रात सापडणार नाही. सर्वांत जुने चित्र म्हणजे मूळ रूप, असे मानणारा वाचक इथेच फसतो.

दुसरी अडचण ऋतूची. हा धानाचा मुलूख आहे. ऑक्टोबरच्या चित्रात तलाव भरलेला आणि बांध्या हिरव्या दिसतात. मे महिन्यात पाणी आटते आणि जमीन उघडी पडते. एक चित्र ऑक्टोबरचे आणि दुसरे मे महिन्याचे घेऊन कुणी 'तलाव संपला' म्हणाला, तर तो इतिहास नव्हे, नजरबंदी आहे. तिसरी गोष्ट बारकाव्याची. १९८४ नंतरच्या लँडसॅट चित्रात एक ठिपका साधारण ३० मीटरचा असतो. कौलारू घर, अंगण, गोठा आणि विहीर, सारे त्या एका ठिपक्यात विरघळून जाते.

या साक्षीदाराची ताकदही मान्य केली पाहिजे. तिरोड्याजवळचा ३३०० मेगावॉटचा वीज प्रकल्प २०१२ पासून टप्प्याटप्प्याने सुरू झाला. त्याआधीचे आणि नंतरचे चित्र शेजारी ठेवले, तर किती जमिनीचा रंग पालटला यावर वाद घालायला जागा उरत नाही. विस्ताराच्या प्रश्नावर छायाचित्राची साक्ष पक्की आहे.

हक्काच्या प्रश्नावर मात्र ते मुके आहे. या पट्ट्यात हजारो मालगुजारी तलाव आहेत. १९५१ साली मालगुजारी गेली आणि ते सरकारजमा झाले. लोक त्यांना आजही 'मामा तलाव' म्हणतात, म्हणजे माजी मालगुजारी. एवढी मोठी उलथापालथ झाली, पण वरून पाहणाऱ्याला तीच पाळ, तेच पाणी. पाणी कुणाच्या शेताला जाणार, गुरे कोणत्या वाटेने उतरणार, मासे कोण धरणार, हे कॅमेऱ्याला दिसत नाही. ते शब्दांत लिहावे लागते. त्या लिखाणाचे नाव 'वाजिब-उल-अर्ज'. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १६५ मध्ये हे नाव आजही आहे, आणि कलम १६१ मध्ये विदर्भासाठी 'निस्तार पत्रक' आहे. उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवणाऱ्या माझ्यासारख्याला या शब्दांचा अर्थ विचारावा लागत नाही. वाजिब म्हणजे रास्त, अर्ज म्हणजे मांडणे. गावाने आपले जे रास्त आहे ते मांडावे, असा हा कागद आहे. आपली भाषा मराठीच्या मातीत किती खोल मुरली आहे, याचा पुरावा शायरीआधी सातबाऱ्याच्या दप्तरात मिळतो!

हा मुद्दा केवळ तलावाचा नाही. कच्च्या कबरींचे कब्रस्तान वरून पडीक जमिनीसारखे दिसते. गोंड बांधवांची देवाची झाडे वरून इतर झाडांसारखीच दिसतात. ज्या जागेवर भिंत नाही ती जागा मोकळी, असे चित्र सुचवते. उद्या नियोजनाच्या टेबलावर फक्त चित्र गेले आणि नोंद गेली नाही, तर नुकसान कुणाचे होईल, हे सांगायला नको.

व्यंकटेश माडगूळकरांनी जवळच्या 'नागझिरा'वर लिहिले, मारुती चितमपल्लींनी नवेगावबांधचा परिसर शब्दांत आणला. हे ऋण मोठे आहे. परंतु त्यांचा मुख्य विषय अरण्य आणि पाखरे. तलावाखाली धान पिकवणारा, मासे धरणारा, गुरे राखणारा माणूस अजून आपल्या लेखकांची वाट पाहतो आहे. म्हणून छायाचित्रे जरूर जमवावीत, त्यावर महिना आणि वर्ष लिहावे. मग प्रत्येक ठिपक्याशेजारी त्या जागेचे लोकांच्या तोंडचे नाव, तिथली वाट आणि तिथला हक्क लिहून काढावा. आपल्या गावाची ही वाजिब-उल-अर्ज लिहायला कलेक्टर कचेरीच्या परवानगीची गरज नाही. वही आणि पेन्सिल पुरे. मात्र ज्यांना आठवते ती माणसे हयात आहेत तोवरच.